मैदान कोणाचें?

कन्हान नदीच्या उजव्या तीरावर, नागपुरापासून ईशान्येस सुमारें १६ किलोमीटरांवर कामठी हें गांव आहे. दिवस कलूं लागला म्हणजे येथील मोकळ्या जागांवर पोरें गोळा होतात. कोणाच्या पायांत बूट असतात, कोणी अनवाणीच असतो. दोन विटा किंवा दोन दप्तरें ठेवून गोल उभारला जातो, आणि दिवेलागणीपर्यंत एका चेंडूमागें धांवाधांव चालते. रस्त्यानें जाणारा गृहस्थ हें पाहून म्हणेल, ‘पोरें खेळत आहेत, दुसरें काय?’ हें म्हणणें खोटें नाहीं. परंतु समाजाचा अभ्यास करणारा मनुष्य त्याच दृश्याकडे पाहून चार प्रश्न अधिक विचारतो. हीं पोरें कोणाचीं? हातांत बॅट न घेतां पायानेंच चेंडू खेळावयाचें त्यांनीं कां पत्करलें? ज्या जागेवर तीं खेळतात ती जागा कोणाची? आणि खेळ आटोपल्यावर पाणी पिण्यास तीं सारीं एकाच नळावर जातात काय? क्रीडेचें समाजशास्त्र म्हणून जो विषय गेल्या कांहीं दशकांपासून निरनिराळ्या विश्वविद्यालयांत शिकविला जातो, त्याचा बहुतेक विस्तार या चार प्रश्नांत सांठविलेला आहे असें म्हटलें तरी चालेल.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर कामठीच्या जन्मापर्यंत मागें जावें लागतें. इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीची लढाई झाली, नागपूरच्या भोसल्यांची सत्ता खिळखिळी झाली, आणि १८२१ सालीं इंग्रजांनीं कन्हानकांठीं फौजेची छावणी वसविली. इतरत्र गांवाशेजारीं छावणी पडते. येथें छावणीशेजारीं गांव पडलें. ‘कँप’ या शब्दावरूनच कामठी हें नांव निघालें असें कित्येक सांगतात. मद्रासकडील पलटणी येथें असत, त्यामुळें दक्षिणेकडील कुटुंबें आलीं. पलटणीच्या मागोमाग बाजार आला, कातडें कमावणारे, कपडे शिवणारे, दूध घालणारे आले. उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकर आले व त्यांच्या मागांचा खडखडाट मोहल्ल्यामोहल्ल्यांतून सुरू झाला. १८८१ च्या शिरगणतींत या गांवाची वस्ती ५० हजारांच्या वर गेली होती. पुढें व्यापार नागपुराकडे वळला, फौजही कमी झाली, आणि १९०१ सालच्या शिरगणतींत तीच वस्ती ३९ हजारांच्या आंत आली. शेजारचें शहर वाढत जावें आणि आपण ओसरत जावें, हा अनुभव कामठीच्या दोन पिढ्यांनीं घेतलेला आहे.

गोऱ्या पलटणी गेल्या. मागें त्यांचे बंगले, प्रार्थनामंदिर आणि कबरी राहिल्या. आणि त्यांचा फुटबॉल राहिला. हिंदुस्थानांत हा खेळ बऱ्याच ठिकाणीं लष्कराच्या बुटांतून आला. सिमल्याचा ड्युरँड चषक १८८८ सालचा, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ सालचा. दोन्ही स्पर्धा मूळच्या पलटणींच्या. तेथेंही एक भेद पाळला जाई, तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पोलो अधिकाऱ्यांचा, क्रिकेट मुख्यतः अधिकाऱ्यांचें, आणि फुटबॉल साध्या सोजिरांचा. इंग्लंडांतही हीच वांटणी होती. फुटबॉलचे नियम १८६३ सालीं बांधले ते वरच्या वर्गांतील तरुणांनीं, परंतु तो देशभर पसरला गिरण्यांच्या गांवांतून. याचें एक कारण कायद्याच्या पुस्तकांत सांपडतें. १८५० च्या फॅक्टरी कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रिया व मुलें यांचें शनिवारचें काम दुपारीं दोन वाजतां थांबविलें. आणि तीं गेल्यावर गिरणी चालविणें कठीण, म्हणून हळूहळू पुरुषांसही ती अर्धी सुटी मिळाली. शनिवारीं दुपारीं मोकळा झालेला मजूर मैदानाकडे वळला. आजही इंग्लंडांत फुटबॉलचे सामने शनिवारीं दुपारीं होतात, त्या परिपाठाचें मूळ येथें आहे. खेळण्यास अगोदर वेळ लागतो, आणि वेळ ही गरिबाच्या घरांतील सर्वांत महाग वस्तु होय.

कामठीच्या विणकरास व विडीकामगारास असा शनिवार कधींच मिळाला नाहीं. विड्यांची मजुरी हजारावर मोजली जाते. हात थांबला कीं मजुरी थांबली. याच गांवचे बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांनीं विडीकामगारांची संघटना बांधली, रात्रीच्या शाळा काढल्या, आणि १९३७ सालीं नागपूर-कामठी मतदारसंघांतून ते मध्यप्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले. ‘जय भीम’ हें अभिवादन रूढ करणारे म्हणून त्यांचें नांव आज सर्वत्र घेतलें जातें. परंतु रात्रीची शाळा कां काढावी लागली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कामठींत क्रिकेटऐवजीं फुटबॉल कां रुजला याचाही उलगडा होतो. ज्याचा दिवस विकला गेलेला आहे त्यास शिकावयाचें तर रात्रीं, आणि खेळावयाचें तर काम संपणें व अंधार पडणें यांच्या मधल्या तासाभरांत. क्रिकेटास खेळपट्टी पाहिजे, बॅट, पॅड, हातमोजे पाहिजेत, आणि त्या काळीं दोनतीन दिवसांची सवड पाहिजे. फुटबॉलास बावीस जणांत एक चेंडू पुरतो. आवडनिवड म्हणून जी गोष्ट आपण स्वभावावर ढकलतों, तिची बरीचशी बेरीज-वजाबाकी खिशांत व घड्याळांत अगोदरच झालेली असते.

या मातींतून कामठीचा रब्बानी क्लब उभा राहिला आणि नागपूर जिल्ह्याच्या फुटबॉलांत त्यानें नांव मिळविलें. यंग मुस्लिम, राहुल क्लब अशा नागपुरांतील संघांशीं त्याच्या लढती होतात, तेव्हां त्या पाहण्यास कामठीहून माणसें जातात, यांत नवल नाहीं. ज्या शहरानें गांवाचा व्यापार ओढून नेला, त्याच शहरासमोर तें गांव अकरास अकरा अशा बरोबरीनें उभें राहतें. वस्ती किती, बाजार केवढा, कचेऱ्या कोठें, हें त्या नव्वद मिनिटांत कोणी विचारीत नाहीं. गांवाचा अभिमान म्हणजे काय हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें अशा सामन्यास जावें. व्याख्यानें ऐकून तें कळावयाचें नाहीं.

आतां जागेचा प्रश्न. छावणीच्या हद्दींतील जमीन फौजेची असते. १९४७ नंतर गोरे गेले तरी छावणी उठली नाहीं. आज येथें ब्रिगेड ऑफ दि गार्ड्स या पलटणीचें केंद्र आहे. गांवांतील पोरांच्या वांट्यास येतें तें शाळेचें पटांगण, ईदगाहाजवळची किंवा नदीकांठची मोकळी जागा, आणि ज्यावर अद्याप घर उठलेलें नाहीं असा एखादा तुकडा. मैदानाचें हें भांडण फार जुनें आहे. मुंबईस गेल्या शतकाच्याही मागच्या शतकांत, १८८० च्या आगेंमागें, किल्ल्यासमोरच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी व हिंदु पोरें क्रिकेट खेळत, आणि त्याच जागेवर गोऱ्या साहेबांचीं पोलोचीं तट्टें खुरांनीं जमीन उकरून टाकीत. मूठभर साहेब आठवड्यांतून दोन दिवस पोलो खेळणार, आणि त्यांच्यापायीं शेंकडों देशी खेळाडूंची खेळपट्टी नासणार! पारशी, हिंदु व मुसलमान खेळाडूंनीं मिळून सरकाराकडे अर्ज केले, त्यांवर सरकारी शेरे पडले, एकदां परवानगी मिळाली, ती पुन्हां काढून घेतली गेली. काँग्रेसची स्थापना १८८५ ची. तिच्या पूर्वींच कांहीं तरुणांनीं सरकारशीं मैदानाच्या हक्कासाठीं कागदी लढाई लढण्याचा धडा गिरविला होता, ही गोष्ट इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचित् आढळते.

परंतु मैदान मिळालें म्हणजे सर्व मिळालें असें नव्हे. चौथा प्रश्न, पाणी पिण्याचा, सर्वांत अवघड आहे. आणि त्याचें उत्तर महाराष्ट्रांतील एका माणसाच्या चरित्रांत जितकें स्पष्ट वाचावयास मिळतें तितकें दुसरीकडे मिळणें कठीण. तो माणूस म्हणजे पालवणकर बाळू.

बाळूचा जन्म १८७६ चा. घराणें कोंकणांतील पालवणचें, जात चांभार, वडील लष्करी नोकरींत. त्यामुळें बालपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेलें. छावणीच्या मुलांस साहेबांचा खेळ कुंपणाबाहेरून पाहावयास मिळे, हा त्या काळचा एक मोठाच लाभ म्हटला पाहिजे. प्रथम एका पारशी क्लबांत खेळपट्टी झाडण्या-लाटण्याचें काम बाळूस मिळालें, पगार दरमहा तीन रुपये. पुढें पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबांत चार रुपयांवर नोकरी लागली. तेथें जाळीं लावावीं, रोलर ओढावा, आंखणी करावी, आणि साहेबांस सरावासाठीं चेंडू टाकावेत. ग्रेग नांवाचा फलंदाज त्यास तासन्‌ तास चेंडू टाकावयास लावी. बाद केल्यास प्रत्येक वेळीं आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट मात्र खरी कीं, त्या साहेबांनीं बाळूस चेंडू टाकूं दिला, बॅट धरूं दिली नाहीं. फलंदाजी हें मालकाचें काम आणि गोलंदाजी हें चाकराचें, ही समजूत इंग्लंडांतूनच आलेली होती. येथें आल्यावर तिला जातीची जोड मिळाली.

बाळूच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ति पुण्यांतील हिंदु क्लबाच्या कानीं गेली. गोऱ्यांशीं सामने व्हावयाचे होते आणि गोऱ्यांस हरवावयाचें होतें. बाळूस घ्यावें कीं न घ्यावें यावर सभासदांत वाद झाला आणि शेवटीं त्यास घेतलें. पण कसें घेतलें? मैदानावर चेंडू एकच होता. बाळूच्या हातांतून सुटलेला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षकाच्या हातांत जाई, तेथें विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली म्हणजे मात्र इतर मंडळी मंडपांत बसत, आणि बाळूस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांत चहा दिला जाई. हात-तोंड धुवावयाचें तर त्याच्याच सारखा अस्पृश्य मानलेला दुसरा कोणी चाकर बाजूस उभा राहून पाणी ओतीत असे. जेवणाचें पानही वेगळें. त्याच बाळूनें साताऱ्यास गोऱ्यांच्या संघाचे सात गडी बाद करून पुणेकरांस विजय मिळवून दिला, आणि न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं त्याचा जाहीर सत्कार केला. ज्याच्या गळ्यांत हार घालतां येतो त्याच्या हातचें पाणी कां चालूं नये, हा प्रश्न आतां खासगी राहिला नाहीं. तो सभास्थानीं येऊन पोंचला होता.

१८९६ च्या सुमारास प्लेगामुळें पुणें सुटलें आणि बाळू मुंबईस आला. तेथील हिंदु जिमखान्यांत त्याच्या प्रवेशावरून पुन्हां तोच वाद आणि पुन्हां तोच निकाल: चेंडू टाकतो तो हवाच. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला, त्यांत बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम या दोघांचा वांटा मोठा होता. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्रानें या विजयाचा अर्थ सामाजिक सुधारणेच्या अंगानें लावला. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. संघानें सपाटून मार खाल्ला; बाळूनें मात्र त्या दौऱ्यांत ११४ गडी बाद केले.

इतकें झाल्यावर तो हिंदु संघाचा कर्णधार झाला असेल असें कोणासही वाटेल. तो कधींच झाला नाहीं. अनुभवानें आणि कर्तबगारीनें तो सर्वांत वरचढ असतां वर्षानुवर्षें नेतृत्व त्यास टाळून दुसऱ्यांकडे गेलें. १९२० सालीं तर त्यास संघांतूनच वगळलें. तेव्हां शिवराम आणि विठ्ठल या त्याच्या भावांनीं जाहीर निषेध करून संघांत खेळण्याचें नाकारलें. बरीच बोलाचाली होऊन तोडगा निघाला: बाळूस उपकर्णधार केलें, आणि कर्णधार पै यांनीं सामना चालूं असतां कांहीं वेळ मैदान सोडलें, म्हणजे तेवढ्या वेळापुरतें नेतृत्व बाळूच्या हातीं यावें. एखाद्या माणसाचा न्याय्य हक्क त्यास असा मागल्या दारानें, घटकाभरच द्यावा लागला, यांत देणाऱ्याचें सौजन्य दिसतें आणि देणाऱ्याच्या समाजाची अडचणही दिसते. अखेर १९२३ सालीं विठ्ठल पालवणकर हिंदु संघाचा कर्णधार झाला आणि त्याच्या नेतृत्वाखालीं हिंदूंनीं स्पर्धा जिंकली.

गोलंदाजी चालेल पण नेतृत्व चालणार नाहीं, ही रीति एकट्या हिंदूंची नव्हे. वेस्ट इंडीजच्या संघांत काळे खेळाडू कित्येक वर्षें धावा काढीत होते, गडी बाद करीत होते; परंतु एका संपूर्ण मालिकेसाठीं कृष्णवर्णी कर्णधार मिळावयास १९६० साल उजाडावें लागलें. फ्रँक वॉरेलच्या नेमणुकीसाठीं त्रिनिदादमध्यें सी. एल. आर. जेम्स यांनीं वृत्तपत्रांतून जोराची चळवळ केली होती. हाताखालीं माणूस चालतो. हाताखालीं आपण जावें लागलें म्हणजे मन कचरतें. नाक्यावरच्या कचेरींतही हाच अनुभव येतो, मग मैदानावर यावा यांत आश्चर्य काय?

बाळूची कथा सांगतांना बहुतेक लोक तिला ‘खेळानें जातिभेद मोडला’ या मथळ्याखालीं घालतात. हें अर्धेंच सत्य आहे. धावफलकास जात कळत नाहीं हें खरें. सात गडी बाद झाले तर सातच लिहावे लागतात, आणि याच कारणानें मैदानावरील पराक्रम नाकारणें दरबारांतील किंवा विद्यापीठांतील पराक्रम नाकारण्याहून कठीण असतें. परंतु हिशेबाची दुसरी बाजू कोणी मांडीत नाहीं. बाळूस प्रवेश मिळाला तो असामान्य होता म्हणून. त्याच क्लबांत मध्यम प्रतीचे, कधीं कधीं सुमारही, सवर्ण खेळाडू आनंदानें खेळत होते. त्यांच्या लायकीची चौकशी कोणी केली नव्हती. मध्यम प्रतीचा चांभाराचा किंवा महाराचा मुलगा मात्र रोलर ओढण्यापलीकडे गेला नाहीं. समाजांत समता आली कीं नाहीं हें असामान्य माणसाच्या सत्कारावरून ठरत नसतें. ज्याच्यापाशीं दाखविण्याजोगा कसलाही पराक्रम नाहीं, अशा साध्या पोरास नुसतें खेळावयास मिळतें काय, यावरून तें ठरतें. कामठीच्या मैदानावरील अनवाणी पोराची कसोटी या दृष्टीनें बाळूच्या कसोटीहूनही कडक आहे.

बाळूचें पुढचें चरित्र राजकारणाशीं जाऊन भिडतें. १९३७ च्या निवडणुकींत मुंबईस डॉ. आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसनें त्यास उभें केलें. आंबेडकरांस १३,२४५ मतें पडलीं, बाळूस ११,२२५. दोघांचेही वडील लष्करांतले, दोघांचेंही घर छावणीच्या आश्रयानें वर आलेलें. १८९२ च्या सुमारास सरकारनें महारांची फौजेंतील भरती बंद केली, तेव्हां अशा शेंकडों घरांची ती शिडीच काढून घेतली गेली; ती पुन्हां लागली १९४१ मध्यें, महार पलटण उभी राहिली तेव्हां. तिची दुसरी तुकडी कामठीसच उभारली गेली.

खेळ माणसांस जोडतो, असें बक्षीससमारंभांतून हमखास ऐकावयास मिळतें. मुंबईच्या ज्या स्पर्धेंत पालवणकर बंधु गाजले, तिचा इतिहास पाहिला तर तें विधान जपून करावें लागतें. १९०७ पासून युरोपियन, पारशी व हिंदु असे तीन संघ, १९१२ पासून मुसलमान मिळून चार, १९३७ पासून ‘इतरेजन’ मिळून पांच. संघच धर्मावर उभे! मैदानावर खेळाडूंचें आपसांत सौहार्द होतें, प्रेक्षकांतही विनोद चाले. तरी बाहेर वातावरण तापत गेलें, आणि १९४० च्या डिसेंबरांत महात्मा गांधींनीं धर्मवार संघ पाडण्यास आपला विरोध स्पष्ट सांगितला. १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली. प्रांतवार संघांची रणजी स्पर्धा १९३४ पासून चालूं होती, तिनें जागा घेतली. तेच खेळाडू, तोच चेंडू. फक्त संघ पाडण्याची रेघ बदलली, आणि जयजयकाराचा अर्थ बदलला. म्हणून खेळ जोडतो कीं तोडतो हा प्रश्नच मुळीं चुकीचा आहे. खेळ ‘आपण’ आणि ‘ते’ असे दोन भाग पाडतोच. तें त्याचें कामच आहे. ‘आपण’मध्यें कोण धरले जातात, एवढेंच पाहावयाचें.

कोल्हापूरचें उदाहरण या दृष्टीनें मौजेचें आहे. कुस्तीच्या या राजधानींत शाहू महाराजांनीं खासबाग मैदान बांधविलें, आणि पेठेपेठेंत तालमी होत्याच. पुढें फुटबॉल आला तो या तालमींच्याच अंगणांत शिरला. आजही तेथील नामांकित फुटबॉल-संघ पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम याच नांवांनीं खेळतात. खेळ साहेबाचा, नांव आखाड्याचें आणि ईर्ष्या पेठेची. शाहू स्टेडियममध्यें सामना असला म्हणजे पेठाच्या पेठा लोटतात. कधीं हाणामारीही होते, ती झांकण्यांत अर्थ नाहीं. पण तेथील रेघ पेठेची आहे. आणि एका पेठेंत अनेक जातींचीं व धर्मांचीं घरें असतात.

मुलींचा प्रश्न आतांपर्यंत आला नाहीं, आणि तोच या विषयाचा नेहमींचा दोष आहे. संध्याकाळच्या त्या तासाभरांत मुलगा मैदानावर असतो तेव्हां त्याची बहीण पाण्यावर, चुलीपाशीं किंवा विड्यांच्या सुपापाशीं असते. जेथें अंगबळाचा संबंध नाहीं तेथें तरी मुलींस मोकळीक असेल असें वाटेल. १९७६ सालीं मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ-स्पर्धेंत उतरली तर केवढा गहजब झाला! प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें, आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष माक्स ऑयवे यांस निर्णय द्यावा लागला कीं स्त्रियांस अशी बंदी करतां येणार नाहीं. प्यादें सरकविण्यास किती बळ लागतें? आक्षेप बळाचा नव्हताच, जागेचा होता. नागपूरच्याच दिव्या देशमुख हिनें २०२५ सालीं स्त्रियांचा जागतिक बुद्धिबळ-चषक जिंकला, तेव्हां शहरांत आनंदोत्सव झाला. हें मधलें अंतर अर्ध्या शतकाचें आहे.

नागपुरांतच फुटबॉलाचा एक वेगळा प्रयोग झाला. हिस्लॉप महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं २००१ सालीं पावसांत कांहीं पोरें फुटक्या बादलीस लाथा मारीत खेळतांना पाहिलीं, आणि त्यांतून झोपडपट्टींतील मुलांच्या फुटबॉल-स्पर्धा निघाल्या. नागराज मंजुळे यांनीं यावर २०२२ मध्यें ‘झुंड’ हा चित्रपट काढला, त्यामुळें ही हकीकत घरोघर पोंचली. विशेष असा कीं, येथें पोरांस अगोदर मैदान मिळालें, सुधारणेच्या गोष्टी नंतर आल्या. एरवीं आपल्याकडे क्रम उलटा असतो.

पैशाचें काय, असा प्रश्न राहतोच. साताऱ्याकडील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत कुस्तीचें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास कोणा एका खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलेंच ऑलिंपिक पदक. जावयास पैसे नव्हते. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली, आणि ते शिकत होते त्या कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. परत आल्यावर शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली, गाड्या आपापल्या शेतांकडे वळल्या, आणि खाशाबांनीं कोल्हापुरास कुस्त्यांचे सामने भरविले, त्यांत ते स्वतः उतरले व जिंकले. त्या पैशांतून प्रथम प्राचार्यांचें घर सोडविलें, असें सांगतात.